तुळशीराममामाचे अकरा एक

मामा गेल्याचं मला आंजीच्या स्टँडवर कळलं. मोठ्या आंजीत कापूस वेचणाऱ्या बायांची सभा आटोपून मी वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते. एस.टी. थांबली आणि कंडक्टर, मामाच्या नालवाडीचाच, घंटी न मारता पायरीवरून खाली उतरला. म्हणाला, "बाई, तुमचा मामा गेला. सकाळीच. तुमच्या मामीनं सांगाले लावलं." गाडीत त्यानं मला पुढची जागा करून दिली, तिकीट मात्र फाडून हातात ठेवलं, आणि मी सवयीनं त्या तिकिटावरचा नंबर पाहिला. शेवटी पाच होता, म्हणजे पाचानं भाग जाणार... त्यापुढचं मला करवलं नाही. ही सवय मामानंच लावलेली. लहानपणी तो तिकीट माझ्या हातात द्यायचा आणि वर्धा येईपर्यंत त्या आकड्याचे जितके तुकडे होतील तितके करायला लावायचा. त्या दिवशी नालवाडी येईपर्यंत मी तो कागद मुठीत धरून बसले होते.

आठवड्यानं कॉलेजात शोकसभा झाली. मामा त्या कॉलेजच्या गणित विभागात बावीस वर्षं शिपाई होता. सभेत तो प्रामाणिक होता, वक्तशीर होता, हसतमुख होता असं सांगण्यात आलं. गणिताचे विभागप्रमुख उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले की मामांच्या हातच्या चहाची चव विभाग कधी विसरणार नाही. चहा! मी शेवटच्या बाकावर होते. मला बोलायला बोलावलं नाही, कारण बोलावलं असतं तर दोन मिनिटं स्तब्धता पाळून घरी जाता आलं नसतं, हे व्यासपीठावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून इथं लिहिते आहे. पुरवणीच्या संपादकांनी अट घातली आहे की कॉलेजचं नाव नको, प्राध्यापकांचं नको. ठीक. पाळते. त्या नावांची मला गरजही नाही. ज्या माणसाचं नाव कुठंच छापून आलं नाही, त्याच्यासाठी हा लेख आहे.

मामा माझ्या आईचा सख्खा भाऊ. कॉलेजातली झाडून सगळी पोरं शिपायांना मामाच म्हणतात, त्यामुळे मी बी.एस्सी.ला तिथं दाखल झाले आणि त्याला मामा म्हणाले, तेव्हा कुणालाही काही कळलं नाही. मी तेव्हा नालवाडीला त्याच्याच घरी राहायचे. कॉलेजच्या फाटकापाशी तो मला पुढे जायला सांगायचा. मला राग यायचा. मी म्हणायचे, लाज कशाची? तो म्हणायचा, लाज नाही, पण तुझ्या पेपरावर मार्क देणाऱ्याच्या डोक्यात माझं तोंड कशाला पाहिजे. तो स्वतः मॅट्रिकला गणितात वर्गात पहिला आणि इंग्रजीत नापास. पुन्हा बसायला घरानं वेळ दिला नाही. त्याचा बाप, म्हणजे माझे आजोबा सोनबाजी, जिनिंगमध्ये हमाली करायचे आणि त्यांना विसाच्या पलीकडे मोजता येत नसे. कापसाच्या वीस बोंद्र्या, म्हणजे मोठी पोती, झाली की एक खडा बाजूला ठेवायचे. मामा सांगायचा की पाच खड्यांना काय म्हणतात हे बापाला त्यानंच पहिल्यांदा सांगितलं आणि बाप शंभर हा शब्द दिवसभर घोळवत राहिला.

कॉलेजात मामाचं एक काम फळा पुसण्याचं. तास संपला की पोरं जायची, सर जायचे आणि मामा डस्टर घेऊन आत यायचा. पण तो लगेच पुसत नसे. आधी डावीकडून उजवीकडे सगळा फळा वाचायचा, कळेना तिथं थांबायचा, आणि मग खालून वर पुसायचा. म्हणजे शेवटचं उत्तर आधी जायचं आणि पहिली ओळ शेवटी. मी एकदा विचारलं तर म्हणाला, असं उलटं गेलं की कुठून कुठं आलो ते डोक्यात राहतं. बावीस वर्षांपैकी निदान पंधरा वर्षं त्यानं असा तो फळा वाचला. त्या विभागात एवढे नियमित तास एकाही विद्यार्थ्यानं केले नाहीत. पदव्या मात्र इतरांनी नेल्या.

संख्यांसाठी त्याची स्वतःची नावं होती. जिला एक आणि ती स्वतः सोडून कोणीच भागत नाही, ती मूळ संख्या, तिला तो एकलकोंडी म्हणायचा. इतरांसाठी तीन जाती. हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. मामा तो कधीच वापरत नसे, तो घरं म्हणायचा. एखाद्या संख्येला जे जे भागतात त्यांची बेरीज करायची, ती संख्या स्वतः सोडून. बाराला एक, दोन, तीन, चार, सहा भागतात, बेरीज सोळा, म्हणजे बारा मालदार घरची. दहाला एक, दोन, पाच. बेरीज आठ, म्हणजे गरीब. सहाला एक, दोन, तीन आणि बेरीज बरोबर सहा. ही समाधानी. समाधानी फार थोड्या असतात. सहानंतर अठ्ठावीस, मग थेट चारशे शहाण्णव. मी चिडवायचे की मामा, तुमच्या आकड्यांतसुद्धा समाधानी लोक दिसत नाहीत. तो म्हणायचा, "दिसत नाई म्हनून नाई हायेत असं नाई, शालू. दूर दूर राह्यतेत."

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. विभागप्रमुखांनी तासाला फळ्यावर नुसत्या एकांच्या संख्या लिहिल्या. दोन एक म्हणजे अकरा, ती मूळ. तीन एक म्हणजे एकशे अकरा, तिला तीननं भाग जातो. अशा सात एकांपर्यंत त्यांनी फोडून दाखवल्या. मग एकदम अकरा एक लिहिले, भोवती गोल काढला आणि खाली लिहिलं : मूळ. त्यांचं परीक्षेचं गाइड बाजारात होतं, त्यातही मूळ संख्यांच्या उदाहरणांत हे अकरा एक छापलेले होते. कोणी विचारलं नाही की सर, कशावरून. मीही विचारलं नाही, मी तिसऱ्या बाकावर बसून उतरवून घेतलं. तास संपल्यावर मामा आत आला, फळा वाचला, आणि त्या दिवशी त्यानं तो गोल सगळ्यांत शेवटी पुसला.

संध्याकाळी घरी त्यानं मला तो आकडा वाचून दाखवला. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. जेवताना दोनदा म्हटला. सुगंधामामी म्हणाली, आता हा आकडा घरात राहायला आला म्हणायचा. तसंच झालं. उरलेल्या प्रश्नपत्रिका कॉलेज रद्दीत टाकायचं. मामा त्या मागून आणायचा, कारण त्यांची मागची बाजू कोरी असते. आधी त्यानं त्या कोऱ्या बाजूंवर मूळ संख्यांची यादी स्वतः काढायला घेतली, चाळणी लावून, ती पुढे लागेल तशी वाढत बावीस हजारापर्यंत गेली. दोनाच्या पटी खोडायच्या, तिनाच्या खोडायच्या, पाचाच्या, साताच्या... जे वाचतं ते एकलकोंडं. मग रोज सकाळी नळाचं पाणी भरून झालं की पाटावर कागद घेऊन बसायचं आणि नऊला निघेपर्यंत त्यातल्या चार-पाच संख्यांनी तो अकरा एकांचा आकडा भागायचा. संध्याकाळी तेच भागाकार पुन्हा ताडून पाहायचे. सातानं भागला, दोन उरले. तेरानं भागला, नऊ उरले. सतरानं, चार. भागाकाराशी त्याला कर्तव्य नव्हतं, फक्त बाकी लिहायची. मामी भाकरी थापता थापता रोज विचारायची, आज काय उरलं? तो सांगायचा, तीनशे सात, बाराशे चाळीस. ती म्हणायची, बक्कळ उरलं की, मग रडता कशाला.

दोन वर्षं. चोवीसशेच्या वर मूळ संख्या. मी हा आकडा लिहिते आणि माझ्या कानशिलांशी आग होते, ती का ते पुढे सांगते. एका सकाळी मी वेणी घालत होते आणि मामी नेहमीप्रमाणे म्हणाली, आज काय उरलं? मामीनं मान वर करून पाहिलं. मामा पेन्सिल खाली ठेवून बसला होता. म्हणाला, "काईच नाई उरलं." मामीला वाटलं काही बिघडलं. ती म्हणाली, "काऊन, संपलं का सारं?" तो उठला, मोरीत जाऊन तोंड धुऊन आला, आणि तोच भागाकार पुन्हा मांडला. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. पूर्ण भाग जात होता. दुसरा तुकडा आला पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. त्या दिवशी मामा आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात उशिरा पोचला, आणि ज्यांनी परवा त्याला वक्तशीर म्हटलं त्यांनीच तेव्हा त्याला मेमो दिला होता.

त्यानं तो शेवटचा कागद सुवाच्य उतरवला, वर आकडा, खाली दोन तुकडे, बाजूला ताळा, आणि शनिवारी स्टाफरूममध्ये विभागप्रमुखांपुढे ठेवला. मी दारात होते. प्रमुखांनी कागदावर नजर टाकली आणि विचारलं, "मामा, हे कुठून उतरवलंत?" मामा म्हणाला, घरी केलं साहेब. ते म्हणाले, ठेवा तिथं, आणि चार चहा सांगा. कागद टेबलाच्या खणात गेला. महिन्यानं मामानं विचारलं, तर पाहतो म्हणाले. पुन्हा महिन्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला समजावणीच्या सुरात सांगितलं की गणित म्हणजे भागाकार नव्हे. मामा घरी आला, चपला काढल्या, आणि मला खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "मंग काय असते, शालू?" जो माणूस कशावरून हे न पाहता फळ्यावर मूळ लिहितो, त्याच्याकडे याचं उत्तर नक्कीच नव्हतं.

मामाला काय हवं होतं? बढती नको होती, सत्कार नको होता. कॉलेजच्या वार्षिक अंकात दोन ओळी हव्या होत्या. वरच्या ओळीत आकडा आणि त्याचे तुकडे, खालच्या ओळीत नाव, पूर्ण. तो म्हणाला, "पूर्ण नावात बापाचं नाव येते ना. विसाच्या पुढं मोजता येत नोतं त्याले. त्याचं नाव अकरा अब्जाच्या खाली छापून येऊ दे एकडाव." एवढंच. दोन ओळी. अंकाच्या विद्यार्थी संपादकानं सांगितलं, प्रमुखांची सही आणा. सही मिळणार नव्हती, कारण सही म्हणजे गाइड चुकलं ही कबुली.

तोवर मी कॉलेज सोडून कापूस वेचणाऱ्यांच्या संघटनेत पूर्णवेळ गेले होते. पत्रकं लिहिणं हेच माझं काम. मी मामाला म्हटलं, त्यांच्या अंकाची भीक कशाला, आपण आपलं पत्रक काढू, स्नेहसंमेलनाच्या दिवशी फाटकावर वाटू. तो कचरत होता. त्याला मथळा नको होता, आरोळी नको होती. शेवटी कबूल झाला आणि एकच गोष्ट मागितली : "छापाच्या आधी मले दाखवजो." मी हो म्हटलं.

आता जे लिहायचं ते लिहिते, कारण दुसऱ्यांना झोडपून स्वतः बाजूला होणाऱ्यांतली मी नाही. कापूस बाजाराच्या मागे आमचा नेहमीचा छापखाना होता. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारे गुलाबराव. मी मजकूर दिला आणि सांगितलं, मथळ्यात फक्त तो आकडा, तुमच्याकडच्या मोठ्यातल्या मोठ्या टायपात, सलग. मामा आकडा लिहिताना नेहमी स्वल्पविराम द्यायचा, मी ते काढून टाकले, कारण सलग ओळ भरगच्च दिसते. गुलाबराव म्हणाले, "बाई, लहान टायपात एकाचे खिळे पसाभर हायेत. मोठ्यात नका घेऊ." मी ऐकलं नाही. पत्रक म्हणजे मथळा, हे मी शिकलेली. संध्याकाळी ओल्या शाईचे गठ्ठे उचलले आणि थेट संघटनेच्या कार्यालयात मुक्कामाला गेले, सकाळी फाटकावर. मामाला दाखवायला नालवाडीला जायचं राहिलं... राहिलं नाही, मी गेले नाही. वाट वाकडी करून अर्ध्या तासाचं काम होतं.

दुपारी संमेलनाच्या मंचावर विभागप्रमुख पत्रक हातात घेऊन उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या एका मुलीला त्यांनी वर बोलावलं आणि मथळ्यातले एक मोजायला सांगितले. तिनं बोट ठेवत मोजले. दहा. तिनं पुन्हा मोजले. दहा. प्रमुख माइकमध्ये म्हणाले की दहा एकांच्या संख्येला अकरानं सरळ भाग जातो, हे पाचवीतला पोरगा तोंडी सांगेल, आणि आमच्या विभागाच्या शिपायाला त्यासाठी दोन वर्षं लागली म्हणे. अख्खा मांडव हसला. मी मागून ओरडत होते, खाली वाचा, खाली अकरा आहेत. खालच्या बारीक मजकुरात प्रत्येक ठिकाणी अकरा एक बरोबर होते. पण बारीक मजकूर कोण वाचतं, आणि माइक माझ्याकडे नव्हता. मामा तेव्हा दुसऱ्या रांगेत पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभा होता. हसता हसता लोकांनी ग्लास उचलले. त्यानं रांग पूर्ण केली, आणि मग तिसरी रांग घेतली.

मी तशीच छापखान्यात गेले. गुलाबराव खाली पाहत म्हणाले, "दहाच होते, बाई. मशीनखाली सुदिक पाह्यलं. मंग म्हनलं, इतके एक हायेत, वाचणारा मोजते थोडंच." त्यांच्यावर मी काय ओरडणार? मोठ्या टायपाच्या केसमध्ये एकाचे दहापेक्षा जास्त खिळे ठेवायची वेळ वर्ध्याच्या छापखान्यावर कधी आलीच नव्हती. लग्नपत्रिका, सभेच्या नोटिसा, त्यांना किती एक लागणार. हे मला कळायला हवं होतं. मी छापखान्यात वाढलेली कार्यकर्ती. आणि मोजायचं काम गुलाबरावांचं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला मी नालवाडीला गेले. वाटलं होतं मामा रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "दहा एकाले तं मी पयल्याच दिवशी फोडलं होतं." मग म्हणाला, "दोन वर्सं मी एक एक मोजत बसलो, शालू. तुले अकरा मोजाले किती टाइम लागला असता?" मामीनं माझ्या ताटात भाजी वाढली. मी म्हटलं, दुरुस्तीचं पत्रक काढते, उद्याच काढते, प्रूफ घेऊन येते. त्यानं मान हलवली. आता कितीही छाप, लोकांना दहाच आठवणार, असं म्हणाला, आणि ते खरं होतं. त्या मांडवातली माणसं मला आजही भेटतात आणि विचारतात, काय, तुमचे दहा एक काय म्हणतात?

त्यानंतर तो फळा न वाचता पुसू लागला. वरून खाली, सगळे पुसतात तसा.

दीड वर्षानं स्टेशनसमोरच्या पुस्तकाच्या दुकानात मला त्या गाइडची नवी आवृत्ती दिसली. मी सहज ते पान काढलं. मूळ संख्यांच्या यादीतून अकरा एक गायब होते. आणि दोन पानांनी पुढे, संयुक्त संख्यांच्या उदाहरणांत, ते उभे होते, दोन्ही तुकड्यांसकट. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास गुणिले पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. खणातला कागद कामाला आला होता. कुणाचं नाव नाही, आभार नाहीत, चूकभूल नाही. चोरी म्हणावं तर विद्वान मंडळी म्हणतील, संख्येवर कुणाची मालकी नसते. बरोबर आहे. मग गाइडच्या मुखपृष्ठावर तुमचं नाव एवढ्या ठळक का? मी ते पुस्तक विकत घेऊन मामाकडे नेलं. माझं म्हणणं होतं, विद्यापीठाकडे तक्रार करू. त्यानं ती ओळ पाहिली, बोटानं प्रत्येक एक मोजला आणि पुस्तक मला परत दिलं. "बरोबर छापलं," म्हणाला. "मोजून छापलं त्यायनं." हे वाक्य त्यानं टोमणा म्हणून म्हटलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मला लागायचं तिथं ते लागलं.

आणि आता ती आग. पुढे नागपूरला एका ग्रंथालयात संख्या-सिद्धांताचं पुस्तक चाळताना मला कळलं की अकरा एकांच्या संख्येला भागणारी कोणतीही मूळ संख्या अशीच असते की तिला बावीसनं भागलं तर एक उरतो. इतर संख्या तपासायचीच गरज नसते. चोवीसशेच्या जागी अडीचशेच्या आसपास भागाकार. दोन वर्षांच्या जागी दोन-अडीच महिने. हे एम.एस्सी.च्या पुस्तकातलं गणित आहे, ज्यांना पगार मिळतो त्यांना ते येणं अपेक्षित आहे. आणि शिपायाला ग्रंथालयातून पुस्तक घरी न्यायची परवानगी नव्हती. एक वाक्य, कुणीतरी कधीतरी चहाचा कप खाली ठेवताना सांगितलं असतं तर... मी हे मामाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा, किती दिवसांनी, हसला. त्यानं लगेच तोंडी ताळा करून पाहिला, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासातून एक काढला, बावीसनं भागलं, नऊशे चौऱ्याऐंशी. म्हणाला, "मंग बाकीच्या बावीसशे मले उगाच भेटल्या म्हनाच्या." त्यानं ते हसून सोडलं. मी सोडणार नाही. एका माणसाच्या बावीसशे सकाळच्या भागाकारांचा हिशेब त्या शोकसभेत कुणीतरी द्यायला हवा होता.

सभेनंतरच्या रविवारी मी मामीकडे गेले, त्याचे कागद मागायला. मनात होतं, सगळे घेऊन एक पुस्तिका काढायची, पुराव्यानिशी. मामी म्हणाली, कोणते कागद? मी म्हटलं, भागाकाराचे. तिनं आतल्या खोलीकडे हात केला. मी त्या खोलीत शेकडो वेळा झोपले आहे आणि मला ते दिसलं नव्हतं. पलंगाच्या बाजूची भिंत खालपासून हात पोचेल तिथपर्यंत कागदांनी मढवलेली होती. संमेलनानंतरच्या उन्हाळ्यात भिंतीचे पोपडे पडायला लागले, तेव्हा मामानं कणकेची खळ करून ते सगळे कागद तिथं चिकटवले. मी इतकी वर्षं त्यांना रद्दी समजले, कारण बाहेरच्या बाजूनं नुसत्या प्रश्नपत्रिका होत्या. कोणतेही पाच प्रश्न सोडवा. सिद्ध करा. उत्तर थोडक्यात द्या. त्याचे भागाकार सगळे भिंतीकडे तोंड करून होते. मामी म्हणाली, "म्या म्हनलं, तुमच्या हातची बाजू बाहेर ठेवा. तं म्हने, छापलेलंच दिसू दे."

मी एक कोपरा पाण्यानं ओला करून सोडवायला गेले. बोटभर पट्टी निघाली. त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं : १०१, उरले १०. पुढचा कागद चिंधी होऊन हातात आला. मामीनं माझं मनगट धरलं. "राहू दे," म्हणाली, "फाटून राह्यलं." मी तिथंच पलंगावर बसले. रडले नाही, मला त्याचाच राग आला होता, त्या मेलेल्या माणसाचा, की त्यानं भांडण अर्ध्यावर सोडून आमच्यासाठी ही भिंत ठेवली.

मामीनं चहा केला. मग जरा घाबरतच विचारलं, "शालू, त्या कालेजातल्या लोकायनं तो आकडा बदलवून टाकला तर?" मी म्हटलं, नाही मामी, तो बदलता येत नाही. ते दोन तुकडे घेऊन दिल्लीत गुणा, नालवाडीत गुणा, तेच येतं. तिला पटलं नाही. म्हणाली, करून दाखव. मी वहीच्या पानावर गुणाकार मांडला, ओळीखाली ओळ, हातचे धरत. उत्तर आलं तेव्हा मामीनं पान स्वतःकडे ओढलं. तिला अक्षर येत नाही, पण सारखी चिन्हं मोजता येतात. एकेकावर बोट ठेवत ती शेवटापर्यंत गेली. "अकरा हायेत," म्हणाली. "छाप मंग. अन् ह्या डाव तू बी मोजजो."

मोजले, मामी. या पुरवणीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांच्या शेजारी उभी राहून मोजले. टाइप लहानच घेतला आहे.

२१,६४९ × ५,१३,२३९ = ११,११,११,११,१११

तुळशीराम सोनबाजी थूल, नालवाडी, वर्धा